चाव्याआधी थांबलेली शिकार

बॉर्डर कोली जातीचं आठ-दहा महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदा मेंढ्यांसमोर सोडतात, तेव्हा त्याला मेंढ्या वळायला कुणी शिकवलेलं नसतं. तरी ते मान खाली घालतं, शेपटी पाडतं, एक पाय उचललेलाच ठेवून कळपावर नजर रोखतं आणि लांबून वळसा घेत पलीकडे जायला बघतं. पाहणाऱ्याला वाटतं, काय गुणी राखणदार आहे! पिल्लू मात्र शिकारीला निघालेलं असतं.

लांडग्याच्या शिकारीचा क्रम ठरलेला असतो: हेरणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडीचा चावा, जीव घेणारा चावा, मग फाडून खाणं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांची मांडणी अशी, की माणसाने कामाच्या कुत्र्यांच्या जाती घडवताना या क्रमातले काही टप्पे वाढवले आणि काही दाबले. कोलीत पाठलागापर्यंतचे टप्पे ठासून भरलेत, चावे दबलेत. आपल्या धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा दुसऱ्या टोकाचा. मेंढरं वळायचं काम धनगर स्वतः हाळी, शीळ आणि काठीने करतो. कुत्र्याने रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, फिरून लांडगा जवळ येऊ द्यायचा नाही. मेंढरांवरच नजर रोखणारा कुत्रा तिथे काय कामाचा?

इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या मेंढपाळांना मात्र ही नजरच हवी होती, पण बेताची. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या ॲडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. आई जळजळीत नजरेची, बाप मोकळ्या स्वभावाचा. हेम्पमध्ये दोन्ही गुण उतरले आणि तो न भुंकता, न चावता मेंढ्या हलवू लागला. आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापाशी पोचते.

मग शिकवायचं उरतं काय? थांबणं आणि अंतर राखणं. सगळी मेहनत इथेच जाते.

सुरुवात छोट्या कुंपणात होते. आत कुत्र्याला सरावलेल्या पाच-सहा शांत मेंढ्या. त्या शिक्षकाच्या पायाशी गोळा होतात आणि पिल्लू बरोबर समोरची बाजू धरतं. शिक्षक घड्याळातल्या सहावर, तर पिल्लू बारावर. पळवाट अडवायची ही उपजत ओढ. शिक्षक चार पावलं बाजूला सरकला, की तोल साधायला पिल्लूही सरकतं. ते घड्याळाच्या दिशेने निघालं, की तो ‘कम बाय’ म्हणतो. उलट निघालं, की ‘अवे’. पिल्लू आपणहून करतंय त्यालाच नाव देत जायचं. काही दिवसांनी नाव ऐकून पिल्लू त्या बाजूला वळतं.

इथे बिस्किटाला कुणी विचारत नाही. मेंढ्या हेच बक्षीस. पिल्लू कळपात घुसलं, की शिक्षक मध्ये उभा राहून त्याला मेंढ्यांपासून तोडतो; लांबून वळसा घेतला, की बाजूला होऊन पुन्हा सोपवतो. ‘बस’ हा हुकूम सर्वांत अवघड, कारण बसलं की मेंढ्या निसटणार, ही पिल्लाची धास्ती. म्हणून हा हुकूम आधी पिल्लू बारावर असतानाच देतात. तिथे मेंढ्या दोघांच्या मध्ये अडकलेल्या असतात. बसूनही काही गमावलं नाही, उलट काम पुढे चालू झालं, हे कळायला वेळ लागतो. घाई करणारा शिक्षक इथेच पिल्लू बिघडवतो.

अंतराचं गणित मेंढीच्या भीतीत आहे. कुत्रा फार लांब असेल तर मेंढी चरत राहते. फार जवळ आला तर कळप फुटतो. ऑस्ट्रेलियात ४६ मेंढ्यांच्या आणि एका केल्पी कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून संशोधक अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांची हालचाल मोजली. कुत्रा येताच प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडे धावते, दुसरीला कडेला ठेवून. २०१४ मध्ये याच गटाने कुत्र्याचं काम दोन नियमांत बसवलं: कळप पांगलेला असेल तर सर्वांत लांबच्या मेंढीमागे जाऊन तिला आत आण, एकत्र असेल तर मागून रेट. या दोन नियमांवर संगणकातला आभासी कुत्रा शंभराहून जास्त मेंढ्या हाकू शकला. खऱ्या पिल्लाला मात्र कळप फुटायच्या आत थांबावं लागतं, आणि हे थांबणं नियम वाचून येत नाही.

ही ओढ रक्तातली आहे. मेंढ्या मिळाल्या नाहीत तरी ती राहतेच. मग स्कूटर, सायकल, धावणारी पोरं यांच्यावर नजर रोखली जाते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ‘सर्वांत हुशार जात’ म्हणून बॉर्डर कोली आणायचा विचार असेल, तर त्याला रोज काही तास खरं काम देता येईल का, हे आधी बघा. नसेल जमत, तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घरी आणा.