क्युबाचे तेरा दिवस : तंटा चढतो कसा, मिटतो कसा

मंडळी, अणुयुद्ध म्हटले की आपल्यापुढे कळ दाबणारा माथेफिरू उभा राहतो. खरा धोका निराळा आहे. दोन्हीकडची शहाणी माणसे एकेक पाऊल टाकीत कड्यापर्यंत जातात. ऑक्टोबर १९६२ मध्ये असेच घडले. त्याच महिन्यात चीनने आपल्यावर आक्रमण केल्यामुळे आपले डोळे हिमालयाकडे होते; जगाच्या जीवनमरणाचा प्रश्न मात्र क्युबापाशी उभा होता.

आधी तंट्याचे मूळ पाहू. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळाने क्युबावर झालेली स्वारी फसली. ती पुन्हा होईल ही क्युबाला धास्ती. शिवाय अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे तुर्कस्तानात, रशियाच्या दाराशी होती. ख्रुश्चॉव्ह यांनी गुपचूप क्युबात क्षेपणास्त्रे नेली. १४ ऑक्टोबरला अमेरिकी विमानाने त्यांची छायाचित्रे टिपली. १६ तारखेला ती केनेडींपुढे आली. सेनापती म्हणाले, बॉम्बफेक करा. केनेडींनी नाविक नाकेबंदी निवडली. तिचा गुण हा की, प्रतिपक्षास विचाराला वेळ मिळतो. काही रशियन जहाजे थबकली, काही माघारी वळली.

सर्वांत वाईट दिवस २७ ऑक्टोबरचा. क्युबावर अमेरिकी विमान पाडले गेले, वैमानिक ठार झाला. दुसरे विमान भरकटून रशियाच्या हद्दीत शिरले. समुद्रात अमेरिकी नौदल एका रशियन पाणबुडीजवळ इशाऱ्याचे स्फोट करीत होते. तिच्यात अणुटॉर्पेडो आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. विमान पाडण्याचा हुकूम ख्रुश्चॉव्ह यांनी दिला नव्हता. दुसरे विमान भरकटावे असे केनेडींनी ठरविले नव्हते. बोरघाट उतरणारी गाडी मध्येच थांबवून ब्रेक का तपासतात, हे कर्जतकरांस सांगायला नको. उतारावर वेग आला की ड्रायव्हरची इच्छा पुरत नाही.

त्याच रात्री रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले. उघड अट अशी : रशियाने क्षेपणास्त्रे काढावीत, अमेरिका क्युबावर स्वारी करणार नाही. गुप्त अट अशी : तुर्कस्तानातील ज्युपिटर क्षेपणास्त्रेही हलतील. २८ तारखेला मॉस्को रेडिओने माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रेही निघाली.

संप आणि टाळेबंदी यांत आयुष्य घालविलेल्यास यातील मर्म चटकन कळते. मालकाला दारातून बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर तो भिंत पाडतो. आपल्यालाही तेच लागू. दोघांनी एकमेकांस वाट दिली म्हणून तंटा मिटला. परंतु निम्मा करार सभासदांपासून लपविला की, सभासद चुकीचा धडा शिकतात. गुप्त अट कित्येक वर्षे झाकलेली राहिली आणि लोकांनी समजूत करून घेतली की, ताठ उभे राहिले की समोरचा नमतोच. या समजुतीवर पुढचा पुढारी चालला, तर दुसरा क्युबा घडेल.

दोन्ही सरकारांनी त्यातून काही धडा घेतला. जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट तारसंबंध ठरला, ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. १९९८ पासून भारत व पाकिस्तान दोघेही उघडपणे अण्वस्त्रधारी आहेत. तेव्हा तडजोडीला शरणागती म्हणून हिणवणाऱ्या वक्त्यास आपण टाळ्या द्याव्यात काय, एवढा विचार घरी जाताना अवश्य करावा.