दंडावरचा वण आणि क्षयाची चाचणी

आपल्या शाळेतील बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर एक बारीक वण असतो. तान्हेपणी टोचलेल्या बीसीजी लसीची ती खूण. घरात कोणाला क्षय झाला की मुलांचीही तपासणी होते. हातावर सुई टोचतात, दोन-तीन दिवसांनी तिथे फुगवटा दिसतो आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पण तो फुगवटा नेहमी क्षयजंतूमुळेच येतो असे नाही, म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे.

ही जुनी मांटू चाचणी 1908 सालची. तिच्यात ट्यूबरक्युलिन टोचतात. आपल्या संरक्षक पेशींची त्या जंतूशी पूर्वी गाठ पडली असेल, तर त्या तेथे धावून येतात व त्वचा फुगते. अडचण अशी की ट्यूबरक्युलिन म्हणजे जंतूच्या अनेक प्रथिनांची मिसळ, आणि त्यांतली बरीच प्रथिने बीसीजीच्या जंतूतही असतात. मग पेशींनी नेमके कोणाला ओळखले, क्षयाला की लसीला?

उत्तर लसीच्या जन्मकथेत सापडले. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन व पित्त यांवर 13 वर्षे पुन्हापुन्हा वाढवला, तेव्हा कुठे तो निरुपद्रवी झाला. 1921 साली तो लस म्हणून प्रथम देण्यात आला. या दीर्घ खटाटोपात त्या जंतूने आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला होता, हे 1990 नंतरच्या दशकात उघड झाले. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही दोन प्रथिने बनवण्याची माहिती याच तुकड्यात असते. क्षयाच्या जंतूत ती आहेत, बीसीजीत नाहीत. जे हरवले तेच ओळखीची खूण ठरले, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

आता रक्तात ही प्रथिने मिसळून ते रात्रभर ठेवतात आणि पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा किती सोडले ते मोजतात. ही तपासणी महाग, शिवाय प्रयोगशाळा लागते. त्याच प्रथिनांची त्वचेवरची चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली. तिला भारतात 2022 साली मान्यता मिळाली, आरंभी 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी.

पालकांनी एक ध्यानात घ्यावे. या चाचण्या जंतू शरीरात शिरला की नाही एवढेच सांगतात, रोग जडला का हे नाही. जंतू शिरलेल्या बहुतेकांना क्षय कधीच होत नाही. तो आहे का हे थुंकीची तपासणी व एक्स-रे यांवरून डॉक्टर ठरवतात. प्रतिकारशक्ती फार क्षीण असेल तर चाचणी चुकून नकारार्थीही येते. आणि क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या ज्या झटपट चाचण्या पूर्वी सर्रास होत, त्या भरवशाच्या नसल्यामुळे सरकारने 2012 साली बंद केल्या. वर सांगितलेली रक्ततपासणी वेगळी आहे, दोहोंत गल्लत करू नये.