मार्वेचा चिखल, आराकानचा चिखल

नौदलाच्या ‘आयएनएस हमला’ या तळावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मुंबईत मालाडहून मार्व्याला जाताना या तळाची भिंत लागते. अधिकृत इतिहास थोडक्यात आटपतो: जपान्यांशी लढायला सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नाविकांचा रॉयल इंडियन नेव्हीचा हा तळ आधी तमिळनाडूतल्या मंडपमला होता, युद्धानंतर मार्व्याला आला.

मला धरून ठेवलं ते या नाविकांच्या लँडिंग क्राफ्टनं, म्हणजे सैन्य उतरवणाऱ्या नावेनं. हल्ल्याची छोटी नाव जेमतेम 41 फुटांची. सपाट बूड, फोर्डची दोन इंजिनं, आत पस्तीसेक सैनिक आणि पुढच्या बाजूला खाली पडणारं दार. नाव किनाऱ्याला लावायची, दार टाकायचं, माणसं उतरवायची. खरी कसोटी त्यानंतर. पाणी ओसरायच्या आत मागे निघालं नाही तर नाव तिथंच रुतणार, शत्रूच्या माऱ्यात. मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत ओहोटीला मोटरसायकल चढवताना पाहिलीत, तर पाण्याची वेळ सांभाळणं म्हणजे काय ते कळतं.

ब्रह्मदेशातल्या आराकानचा किनाराही मार्व्यासारखाच, खाड्या आणि तिवरांचा. 12 जानेवारी 1945 ला म्येबोनला उतरण्याआधी पाण्यात रोवलेले खुंट सुरुंगांनी उडवावे लागले. पहिली तुकडी बरी उतरली. मागच्यांना ओहोटीनं गाठलं आणि ते कमरेएवढ्या चिखलात अडकले. दहाच दिवसांनी त्याच किनाऱ्यावर कांगावची लढाई. ‘नर्बदा’ आणि ‘जमुना’ या आपल्या युद्धनौकांच्या तोफा खाडीतून आग ओकत होत्या. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात तिथं पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे प्रमुख होते. त्या लढाईसाठी त्यांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. थोरातांचं नाव निदान राहिलं. नाव चालवणारा खलाशी कुठल्या यादीत सापडतो?

हाच खलाशी पुढच्याच वर्षी सरकारला नकोसा झाला. युद्ध संपलं, नोकरकपात सुरू झाली, जेवण आणि वागणूक मात्र जुनीच. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल तळावर खलाशांचा संप पेटला आणि मार्वेचा ‘हमला’ही त्यात उतरला. कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे. मालाडमध्ये मात्र ‘हमला’ म्हटलं की तळाजवळच्या इमारतींच्या उंचीची परवानगी आणि त्यावरचे कोर्टातले वाद, एवढंच कानावर येतं. तळाच्या सुरक्षेचा मुद्दा रास्त आहे, आत सगळ्यांना सोडा असं कोणी म्हणत नाही. पण भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, आराकान आणि 1946 सांगणारा मराठी फलक लावायला कुणाची हरकत असावी? नौदलानं आणि महापालिकेनं एवढं करावं.