पगाराची चिठ्ठी आणि उत्पन्नाचा दाखला

ऑटिझम असलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की कोल्हापुरातल्या घरात दोन प्रश्न एकदमच येऊन बसतात. निराधारांची 'संजय गांधी' योजना चालू करून घ्यायची का? आणि ह्याला कुठंतरी कामाला लावता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाहुणेमंडळी चहा संपायच्या आत देतात: घ्या की, सोडताय कशाला. दुसऱ्याला कुणी हात लावत नाही. खरं तर दोन्ही प्रश्नांचा निकाल तलाठ्याकडच्या एकाच कागदावर लागतो, तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

सुरुवात मात्र त्याच्या आधीच्या कागदापासून, म्हणजे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापासून करायला हवी. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं त्याला पहिल्यांदा जागा दिली, पण ती पालकत्व आणि सांभाळ यांच्यापुरती. सवलती आणि आरक्षणासकट पूर्ण मान्यता मिळाली ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात. हा कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि त्यात एकवीस प्रकार आहेत. त्यामुळे आज पस्तिशीत असलेल्या कुणाच्या जुन्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' असा शिक्का दिसला तर नवल नाही. त्या काळी ऑटिझमचा रकानाच नव्हता, जवळचा रकाना गाठावा लागे. असं जुनं प्रमाणपत्र असेल तर ते बदलून नवं यूडीआयडी कार्ड करून घ्यावं. पुढे आरक्षणाच्या वेळी कोणत्या प्रकारात नाव आहे, हे बघितलं जातं.

प्रमाणपत्र मिळतं सीपीआर रुग्णालयात. ऑटिझम मोजायचं भारतीय माप 'इसा' या नावानं ओळखलं जातं. त्यात चाळीस मुद्दे असतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण बेरीज चाळीस ते दोनशे. सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मुद्दे साधे असतात: नजरेला नजर देत नाही, एकटाच राहतो, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, रोजच्या क्रमात बदल झाला की बिथरतो. आई-वडिलांना विचारायचं, मुलाकडे बघायचं आणि गुण द्यायचे. पण यादीच्या शेवटाकडे एक मुद्दा आहे: असामान्य स्मरणशक्ती. तीही गुण वाढवते, म्हणजे कागदावरचं अपंगत्व वाढवते. हाच मुलगा उद्या औषधांच्या होलसेल दुकानात उभा राहिला, तर कुठल्या बॅचची मुदत कधी संपते हे तोंडपाठ असणं हाच त्याचा पगार. हे माप चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. त्रास किती आहे हे ते सांगतं, पण काम काय जमेल हे सांगत नाही, आणि आपण मात्र या गुणांतून प्रमाणपत्रावर येणाऱ्या टक्क्यांवरून तेच वाचतो. 'ऐंशी टक्के आहे हो', असं कुणी म्हणालं की काम हा विषयच मिटतो.

चाळीस टक्के आणि त्यावर असलं की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं दार उघडतं, पण अर्धवटच. रक्कम २०२३पर्यंत महिना १,००० होती, मग १,५०० झाली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळानं दिव्यांगांसाठी ती २,५०० केली. त्या वर्षी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते, त्यांची मागणी सहा हजारांची होती. इथे कायद्यातली एक ओळ सांगायला हवी. २०१६च्या कायद्याचं चोविसावं कलम म्हणतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असली पाहिजे. २०२५च्या वाढीपर्यंत विधवेला, निराधार वृद्धाला आणि दिव्यांगाला तेच १,५०० मिळत होते.

अट आहे ती उत्पन्नाची. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,०००च्या आत हवं. कुटुंबाचं, एकट्या त्याचं नव्हे. महिन्याला भागलं तर चार हजार एकशे सत्तरच्या आसपास येतं. म्हणजे बाप शिरोलीच्या फौंड्रीत कायम कामगार असेल, तर घर आधीच बाहेर. सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, हे शेजारी ठेवून बघावं. त्याच घरातली आई 'लाडकी' म्हणून बसते, मुलगा 'निराधार' म्हणून बसत नाही. ज्यांनी दोन्ही अर्ज एकाच सेतू केंद्रात भरलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग आत राहतं कोण? समजा, एक विधवा आई आहे, दोन घरची धुणीभांडी करून महिना चार हजार मिळवते. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, जेमतेम आत. मुलगा बावीस वर्षांचा, ऑटिझम साठ टक्के, अडीच हजार चालू आहेत. एका औषधांच्या होलसेलवाल्यानं त्याला सात हजारांवर घ्यायची तयारी दाखवली. आता घराचं उत्पन्न महिना अकरा हजार, वर्षाला एक लाख बत्तीस हजार. नियमानं 'संजय गांधी' बंद. सातातून अडीच गेले, राहिले साडेचार. त्याला एकट्यानं केएमटीच्या बसनं जायची सवय होईपर्यंत आई सोबत जाणार, त्यासाठी सकाळचं एक घर सोडणार, तिथले दोन हजार गेले. राहिले अडीच, त्यातून दोघांचं भाडं. एवढं करून चार महिन्यांत मालक म्हणाला, 'नको, जमंना', तर पुन्हा पहिल्यापासून सुरू: तलाठ्याचा दाखला, सेतू, तहसील, तालुक्याची समिती, आधार, बँक, केवायसी. बाहेर पडायला एक पगार पुरतो, आत यायला महिने लागतात. आई नोकरीला 'नको' म्हणाली, तर ती आळशी मुलाचे लाड करत नाही. तिचा हिशेब बरोबर आहे.

काहीजण यातून वाट काढतात. पगार हातात रोख, नाव हजेरीपुस्तकात नाही. पण मग पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि उद्या हात मशीनमध्ये गेला तर मालक ओळखही दाखवणार नाही. ईएसआयमध्ये दिव्यांग कामगारासाठी पगाराची मर्यादा इतरांपेक्षा जास्त, पंचवीस हजार आहे. ही सोय नावावर लागलेल्यालाच मिळते.

दुसऱ्या देशांत भत्ता आणि पगार यांचं कसं करतात? इंग्लंडमध्ये 'पिप' नावाचा भत्ता आहे. तो नोकरी असो-नसो मिळतो, पगाराकडे बघत नाही. अपंगत्वामुळे जो जादा खर्च होतो त्याच्यासाठी तो आहे, असं तिथला कायदा मानतो. अमेरिकेतली 'एसएसआय' आपल्या जवळची. तिथं एकट्या माणसाच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, आणि हा आकडा १९८९पासून हललेला नाही. न्यू जर्सीतल्या मराठी आई-बापालाही मुलाच्या खात्यात आजीनं टाकलेले पैसे मोजत बसावं लागतं. मला इंग्लंडची विभागणी पटते. थेरपी, सोबतीला माणूस, रिक्षा हे खर्च मुलगा कमावता झाला म्हणून थांबत नाहीत. आपल्याकडे केंद्राची निरामय विमा योजना थोडी त्या वाटेनं जाते. एक लाखापर्यंतचं कवच, त्यात ओपीडी आणि थेरपीही, आणि नोकरी आहे का हा प्रश्न नाही. ती आधी काढावी.

पण कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरात खरी मोठी रक्कम अडीच हजारांची नसतेच, ती असते वडिलांच्या पेन्शनची. १ नोव्हेंबर २००५च्या आधी राज्य सरकारी सेवेत लागलेल्याला जुनी पेन्शन आहे. त्याच्यामागे आणि पत्नीच्या मागे, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं, शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के आणि वर महागाई. मूळ पगार साठ हजार असेल तर अठरा हजार आणि वर महागाई. अडीच हजारांपुढे हा आकडा ठेवला की सरकारी कर्मचारी मुलाच्या नोकरीचं नाव काढलं की गप्प का होतात, ते कळतं. कारण अट तीच: त्याला कमावता येत नसलं पाहिजे, आणि त्याची कमाई सुरू झालेली नाही असा दाखला पालकानं देत राहायचा. पोस्टात, रेल्वेत, म्हणजे केंद्राच्या सेवेत असलेल्यांसाठी २०२१मध्ये नियम सैल झाला. मुलाची स्वतःची कमाई त्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकमेपेक्षा कमी असेल तर पेन्शन चालू राहते. म्हणजे अशा घरातला मुलगा महिना आठ-दहा हजार निर्धास्त मिळवू शकतो. फौंड्रीतल्या कामगाराच्या ईपीएस-९५मध्येही पूर्ण आणि कायम अपंग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन आहे, रक्कम मात्र किरकोळ. तेव्हा काम धरायच्या आधी घरात कोणती पेन्शन आहे आणि तिच्यात मुलाच्या कमाईबद्दल काय लिहिलंय, हे वाचणं पहिलं.

आता कामाकडे. अपंग पुनर्वसनात कोल्हापूरचं नाव मोठं आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस कारखान्यात काम करू शकतो, हे या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं. पण तिथं काय करायचं हे दिसत होतं: उंबरा काढा, उतार करा, टेबल खाली घ्या. ऑटिझममध्ये अडवतो तो उंबरा आपल्या बोलण्यात असतो. 'जरा आवरून घे', 'उद्या लवकर ये', 'बघून कर' या वाक्यांत करायचं काय ते कुठंच सांगितलेलं नसतं. लवकर म्हणजे किती वाजता? मुकादम ओरडतो, 'झोपलास काय रं?' आणि पोरगा शांतपणे सांगतो, 'नाही, मी उभा आहे.' बाकीचे हसतात, मुकादमाला वाटतं उलट बोलला. कोल्हापुरी थट्टेत वाढलेल्याला हे जड जात नाही, पण शब्दाला शब्द धरणाऱ्याला दर दहा मिनिटांनी परीक्षा असते.

म्हणून कामाची जागा निवडताना पगार नंतर, आवाज आधी. फौंड्रीचा फर्नेस विभाग बहुतेकांना नाही झेपत. औषधांचं गोदाम, ग्रंथालय, पॅकिंग, डेटा एंट्री, रोपवाटिका, बेकरीतलं मोजमापाचं काम ही ठिकाणं तपासावीत. पहिले काही आठवडे बरोबर कुणीतरी बसणारं हवं, ज्याला बाहेर जॉब कोच म्हणतात. तो कामाचे तुकडे पाडतो, भिंतीवर क्रम चिकटवतो: १. खोका उघड, २. तारीख वाच, ३. मार्चच्या आधीची लाल ट्रेमध्ये. मालकालाही शिकवतो की बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. हा माणूस आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, मिळाला तरी त्याचा पगार कुणी द्यायचा हे ठरलेलं नाही. माझ्या मते अडीच हजारांचे चार हजार करण्याआधी सरकारनं या माणसाचे पैसे द्यावेत.

आधार असलेलं काम हा मधला मार्ग. पुण्यात कामायनी १९६४पासून मतिमंद मुलांना आणि प्रौढांना शिकवते, काम देते. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं कॅफे अर्पण आहे, तिथं विकासात्मक अपंगत्व असलेली मोठी माणसं ऑर्डर घेतात, स्वयंपाकघरात हात चालवतात. आपल्याकडे शेंडा पार्कला चेतना अपंगमती विकास संस्था आहे. अशा कार्यशाळेत मिळतं ते बहुधा मानधन, त्यावर घर चालत नाही, पण सकाळी उठून जायला ठिकाण असतं. दिवसभर घरात बसलेल्या पंचविशीतल्या मुलाची आई याची किंमत रुपयांत सांगणार नाही.

सरकारी नोकरीचंही बघावं. चार टक्के आरक्षणातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. सरळ सांगायचं तर अध्ययन अक्षमता असलेला, चांगले गुण मिळवणारा उमेदवार आणि मध्यम ऑटिझम असलेला उमेदवार एकाच रांगेत. केंद्रानं ४ जानेवारी २०२१ला योग्य पदांची यादी काढली. त्यात पदापुढे ऑटिझमची पातळी लिहिलेली असते, ती जाहिरातीशी ताडून बघावी. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

राहिलं कागदांचं. अठराव्या वर्षी मुलगा कायद्यानं सज्ञान होतो, आणि बँक आई-बापाची सही मानायला तयार नसते. न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमायचा अधिकार जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक समितीला आहे, तिथं अर्ज करावा लागतो. पालक म्हणून धाकट्या भावंडाचं नाव द्यायचं असेल तर त्याला आधी विचारावं. डोंबिवलीजवळ खोणीला अविनाश बर्वे आणि अमेय पालक संघटनेनं 'घरकुल' उभं केलं ते याच प्रश्नातून, पण प्रत्येक जिल्ह्यात घरकुल नाही. आणि ज्यांच्या घरात पेन्शन आहे त्यांनी मुलाचं नाव पेन्शनच्या कागदांवर आपण हयात असतानाच लावून घ्यावं. त्याला कमावता येत नाही हे सिव्हिल सर्जनपुढे बापानं सांगणं वेगळं, आणि बाप गेल्यावर चाळिशीच्या मुलानं एकट्यानं कोषागाराच्या खिडकीत उभं राहून सांगणं वेगळं.