एक नग, नऊ ग्रॅम

हिंजवडीच्या आयटी पार्कात राबणाऱ्या माणसांच्या छंदांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा सायकली, कॅमेरे आणि गडकिल्ले एवढंच डोळ्यांसमोर आलं. एका परिचितानं मात्र माणच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीचा पत्ता दिला. तिथे एका फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत लाकडाचे मासे तयार होतात आणि जेवणाच्या टेबलावर त्यांचं पॅकिंग होतं.

गळकरी मंडळी याला 'लुअर' म्हणतात. गांडूळ, कोळंबी, कणकेचा गोळा ही खाण्याची आमिषं. लुअर हे नुसतं भासवणारं आमिष. तंगुसाला बांधून पाण्यातून ओढलं की जखमी माशासारखं लचकत चालतं, आणि तळ्यातली मरळ, खाडीतला जिताडा किंवा तांबोशी त्याच्यावर झडप घालते.

नाव छापायचं नाही, ही घरातल्या दोघांची पहिली अट. नवरा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. बालपण सांगलीला, कृष्णेच्या काठावर. बायको पूर्वी एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात होती. मी गेलो होतो नवऱ्याचं सुतारकाम बघायला, पण मला धरून ठेवलं ते बाईंच्या टेबलानं.

या कलेचा इतिहास थोडक्यात सांगतो. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिवन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 चं. महाशीर गळाला कसा लावावा, यावर त्यात पानंच्या पानं आहेत. पण घरात लुअर करणारा कुणीही, कुठल्याही देशातला असो, नाव घेतो ते फिनलंडच्या लाउरी रापाला यांचं. या गरीब कोळ्यानं 1936 साली बुचातून पहिला मासा कोरला. त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. 1962 मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती. अंक हातोहात खपला आणि रापालांकडे मागणीचा पूर लोटला. पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय एकही नग डब्यात जायचा नाही, हा त्या घराण्याचा शिरस्ता.

हिंजवडीच्या बाल्कनीतही तोच शिरस्ता आहे. लाकूड पांगाऱ्याचं. सावंतवाडीची खेळणी ज्याची होत आली तेच हे हलकं लाकूड. सात सेंटिमीटरचा तुकडा कोरायचा, पोटातून स्टेनलेस तार आरपार न्यायची, खाली शिसं भरायचं, तोंडाला पॉलिकार्बोनेटची पारदर्शक जीभ बसवायची. ही जीभ ज्या कोनात बसते त्यावर मासा किती खोल जाणार हे ठरतं. रंग झाला की वर इपॉक्सीचा थर. तो सुकेपर्यंत ओघळ येऊ नये म्हणून सगळे मासे एका चाकाला लावून संथ फिरवत ठेवायचे. चाकाला मोटर आहे जुन्या मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीखालची, मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी.

डुगडुग नीट आहे का, हे सोसायटीच्या गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये कळतं. खोली मात्र ड्रममध्ये मोजता येत नाही. मुळा हिंजवडीच्या अंगावरूनच वाहते, पण तिथे जलपर्णी. म्हणून दोघं रविवारी मुळशीच्या फुगवट्यावर जातात, रीतसर परवानगी घेऊन. निळा-मुळेच्या संगमावरचं हे टाटांचं धरण. 1921 साली सेनापती बापटांनी त्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभा केला होता. होडीतून शिसं बांधलेली दोरी सोडून दीड मीटर खोलीचा उथळा शोधायचा आणि त्यावरून लुअर ओढायचं. तळाला घासलं तर दीड मीटर खरं. मग दोन मीटरवर बघायचं. तिथे घासलं नाही तर पॅकिंगच्या कार्डावर 'दीड ते दोन मीटर' लिहायला हरकत नाही.

आता टेबल. सुरुवातीला त्यावर काहीच नसतं. आदल्या खेपेचं एकही कार्ड, एकही चिठ्ठी राहिलेली नाही ना, हे बाई आधी खाली वाकून, खुर्च्या सरकवून बघतात. औषधाच्या कारखान्यात याला 'लाइन क्लिअरन्स' म्हणतात. मागच्या औषधाचं लेबल पुढच्या बाटलीला लागलं तर जीव जातो. लाकडाच्या माशापायी कुणाचा जीव जाणार नाही. तरीही बाई गठ्ठ्यातून चाळीस कार्डं मोजून घेतात आणि वहीत तीन रकाने आखतात: दिली, लागली, खराब झाली. मी होतो त्या दिवशी सदतीस लागली आणि दोन खराब झाली. "अहो, एक कार्ड कमी आहे," असं त्या म्हणाल्या आणि काम थांबलं. कार्ड फ्रीजखाली सापडलं, तेव्हाच पुढचा मासा हातात घेतला गेला. असं काम करणारा माणूस पाहिला की मला आपोआप आदर वाटतो.

प्रत्येक मासा सोनाराच्या छोट्या काट्यावर चढतो. पांगारा झाडाझाडागणिक हलका-भारी निघतो. एकाच मापाचा तुकडा कधी साडेआठ ग्रॅम भरतो, कधी साडेनऊ. नवरा शिसं कमी-जास्त करून तो नऊच्या जवळ आणतो, आणि बाई नेमका आकडा कार्डाच्या मागे पेनानं लिहितात. मग तीन टोकांच्या गळांवर मत्स्यालयाच्या हवेच्या नळीचे तुकडे चढवायचे. त्यांच्याशिवाय गळ एकमेकांत अडकतात, रंगावर चरे पडतात, डबा उघडणाऱ्याचं बोट फाटतं. पूर्वी रबरबँड लावायचे. उन्हाळ्यात तो वितळून इपॉक्सीला चिकटला. कार्ड पाकिटाला स्टेपल करायचे. पावसाळ्यात पिना गंजून तांबडे डाग पडले. आता पारदर्शक डबी, आत सिलिका जेलची पुडी, वर हँड सीलरनं बंद केलेली पिशवी. इपॉक्सी दिल्यावर आठवडाभर मासा उघडा ठेवतात. घाई केली की तो डबीला चिकटतो. कार्डावर एक सूचना आहे, ती अनुभवानं आलेली: रबरी बेडूक आणि हा मासा एका डब्यात ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकमधलं तेल रंग खातं.

कार्डाची पुढची बाजू चकचकीत, मागची कोरी, लॅमिनेशन नसलेली. याचं कारण तारखेचा शिक्का. कार्डं नारायण पेठेत पाचशेच्या गठ्ठ्यानं छापून घेतली तरच परवडतात, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष दर खेपेला बदलतं. चकचकीत कागदावर शिक्क्याची शाई बसत नाही, अंगठा लागला की फरफटते. आधीच छापलेला मजकूर एका जागी आणि पॅकिंगच्या वेळी टाकायचा मजकूर दुसऱ्या जागी एकत्र द्यायला नियमांत मुभा आहे. बाईंनी ते कलम वाचलं आणि मागची बाजू कोरी ठेवायला सांगितली.

नियम म्हणजे वैधमापन शास्त्राचे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम. मासा तळ्यावर मित्राच्या तळहातावर ठेवून विकला तर तो सुटा माल. गिऱ्हाईक समोर नसताना डबीत बंद केला की तो 'आवेष्टित वस्तू' होतो, आणि मग करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे सगळं त्यावर यावं लागतं. दहा ग्रॅमपर्यंतच्या पुडीला सूट आहे असं ऐकून नवरा खूश झाला होता, मासा नऊ ग्रॅमचाच. पण ती सूट वजनामापानं विकल्या जाणाऱ्या मालाला आहे. लुअर नगावर विकलं जातं. म्हणजे कायद्याच्या लेखी हा 'एक नग', आणि नऊ ग्रॅम हे या दोघांनी आपणहून दिलेलं वचन. माझ्या मते कार्डावरची सगळ्यात मोलाची ओळ तीच. रॉडवाल्याला लुअर किती लांब फेकलं जाईल ते वजनावरून कळतं, आणि ती ओळ खरी की खोटी हे तपासायला कुणी निरीक्षक येणार नाही.

भाषेचंही सांगायला हवं. सक्तीचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. जोडीला दुसरी भाषा चालते. बाईंनी इंग्रजीखाली सगळं मराठीत दिलं आहे, कारण त्यांचं निम्मं गिऱ्हाईक खाडीकाठचं आहे.

इथवर सगळं कौतुकाचं. पण मी निघालो तो काळजी घेऊन.

पहिली काळजी पत्त्याची. प्रत्येक डबीवर घराचा पत्ता आणि बाईंचा फोन जातो. रात्री अकराला कुणीतरी "मासा का लागत नाही?" विचारायला फोन करतं. त्यांनी आता वेगळा नंबर घेतला आहे, पण पत्ता बदलता येत नाही. सोसायटीत धंदा चालतो अशी कुणी तक्रार केली तर काय, हा प्रश्न दोघांच्याही मनात आहे.

दुसरी जीएसटीची. राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, आणि यांची उलाढाल त्याच्या आसपासही नाही. पण राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही लहान असली तरी आधी नोंदणी हवी. म्हणून पणजी आणि कारवारहून आलेल्या मागण्या ते नम्रपणे परत करतात. जिताड्याची खाडी सावंतवाडीच्या पलीकडेही तीच आहे, पण एका डबीसाठी विवरणपत्रांचा व्याप घरच्या माणसांना झेपत नाही. लहान कारागिरांना इथे मोकळीक मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तिसरी किमतीची. यांचा नग साडेचारशेचा. आयात केलेलं प्लॅस्टिकचं लुअर त्याहून पुष्कळ स्वस्त मिळतं, आणि दुकानातल्या भिंतीवर दोन्ही शेजारी टांगली की घेणारा आधी किंमत बघतो. खोली मोजून लिहिली आहे, हे भिंतीवरून दिसत नाही.

आणि काळजी माशांची. लोणावळ्याजवळच्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात टाटांनी 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली. त्याच पट्ट्यात तीन टोकांचे गळ विकायचे तर जबाबदारी येतेच. कार्डाच्या तळाशी मराठीत दोन ओळी आहेत: गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपा, महाशीर लागला तर सोडून द्या. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंड्यांनी भरून चढतात, तेव्हा हे घर महिनाभर एकही डबी पाठवत नाही. त्या महिन्यात मागणी सगळ्यात जास्त असते.

घरगुती लुअर विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: डबी उलटी करा. पत्ता, महिना-वर्ष, वजन आणि खोली नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. घरी करून विकणाऱ्यांनी नोंदणीला घाबरू नये. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांच्या आत वैधमापन खात्याकडे अर्ज करायचा असतो, आणि त्याचं शुल्क पाचशे रुपये आहे.