दोन तुकड्यांचा शाफ्ट की एकसंध?

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात निघालेली शेव्हरोले सी-१० ही पिकअप गाडी हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. तिच्या लांब हौद्याच्या प्रकारात पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १२७ इंच. म्हणून गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंतचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसविलेले बेअरिंग असते. हे रबर जीर्ण झाले की गाडी थरथरते आणि एकसंध शाफ्टचा विचार मनात येतो.

तो बसविता येतो; परंतु नळी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर शाफ्ट ज्या फेऱ्यांना धनुष्यासारखा वाकू लागतो, ती मर्यादा चौथाईवर येते. यासाठी नळी अधिक व्यासाची हवी. दोन्ही टोकांचे जोड एका रेषेत व त्यांचे कोन समान असावेत. मागचा आस खालीवर होताना शाफ्टला पुढे-मागे सरकण्यास वाव असावा. शेवटी यंत्रावर तोल साधावा. पुढच्या टोकाभोवती पोलादी कडेही हवे, कारण तेथील जोड तुटल्यास शाफ्ट रस्त्यात रुतून प्राणावर बेतू शकते.

एवढी सिद्धता नसेल, तर बेअरिंग बदलून जुनाच शाफ्ट वापरणे शहाणपणाचे.