पहिले दीडशे किलोमीटर

पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला तर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. सपाट नकाशा पाहून ही वाट युरोपवरून जात असेल असे वाटते. पण सर्वांत जवळची रेघ तिबेट ओलांडून सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याकडे चढते आणि अलास्कावरून खाली उतरते. विमाने ती तंतोतंत पाळत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेल्यास विमान झपाट्याने खाली आणावे लागते, आणि तिबेटच्या पठारावर तेवढी मोकळीक नसते. शिवाय पॅसिफिकवरून पूर्वेकडे धावणारे उंचावरचे वारे लांबच्या वाटेवरही वेळ वाचवतात. एअर इंडियाने डिसेंबर २०२२मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोची थेट सेवा सुरू केली, ती साधारण सोळा तासांची होती. पुणेकराचे खरे अंतर मात्र त्याआधीच, जमिनीवर वाढलेले असते.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर हवा आधीच विरळ असते, उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावे लागते. अमेरिकेपर्यंत जायचे तर शंभर टनांहून अधिक इंधन घेऊन उडायचे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. म्हणून लांबच्या प्रवासाला आधी मुंबई गाठायची: दीडशे किलोमीटर, वाटेत खंडाळ्याचा घाट, तीन-चार तास. उड्डाणाआधीचे तीन तास धरले, तर तेवीस तासांच्या प्रवासातले सात विमान उडण्याआधीच संपतात. दोन हजार किलोमीटरवरचे दुबई लोहगावहून निघालेल्या विमानाला या सात तासांच्या निम्म्या वेळात गाठता येते.

लांबचे विमान पुण्यातूनच हवे म्हटले, तर एवढे प्रवासी कुठे मिळणार, असे विचारले जाते. पण लुफ्तान्साने २००८मध्ये पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती. विमान छोटे, आसने सगळी बिझनेस क्लासची. चाकणच्या परिसरात जर्मन कारखाने असताना मागणी नव्हती असे म्हणता येणार नाही. मोठे विमान भरून उडवण्याची सोय नव्हती. नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता प्रश्न सुटला, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिथली धावपट्टी ३,७०० मीटरची आहे आणि मुंबईतली कोंडी टळते, हे खरेच. घाट मात्र टळत नाही, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की विमानाची वेळ हुकते. उरतो पुरंदरचा नियोजित विमानतळ. तिथे सात गावांची जमीन जाणार आहे आणि शेतकऱ्यांचा विरोध खरा आहे. ती जमीन मागणाऱ्यांनी धावपट्टी त्या उंचीला आणि मे महिन्यातल्या उन्हाला पुरेल एवढी लांब आखली आहे का, आणि पुण्यातून तिथवर पोचायला किती वेळ लागेल, हे आकड्यांनिशी आधी सांगायला हवे. घाटात जाणारे तास पुरंदरच्या वाटेवर जाणार असतील, तर त्या गावांकडे जमीन मागण्याचे कारणच उरत नाही.